ओल कुठल्या पाण्याची, हे आधी ठरवा

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.
नौपाड्यात आमचे तळमजला आणि त्यावर एक मजला असे घर आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ते १९६७ साली बांधले. खाली आम्ही आणि नाना राहतो, वर धाकटे दीर, जाऊबाई आणि पुतण्या. गेली दोन वर्षे आमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आहे. तिच्या बरोबर वर त्यांची बाथरूम येते. पावसाळ्यात ओल वाढते, पण दिवाळी होऊन महिना झाला तरी यंदा ती वाळलेली नाही. सकाळी पहिली बादली तांबूस येते आणि वरच्या शॉवरला धार म्हणून नाहीच. मागच्या बिडाच्या पाइपच्या सांध्यात पिंपळ उगवला आहे. प्लंबर येतो, एखादा सांधा बदलतो किंवा सील लावून जातो, आणि थोड्याच दिवसांत शेजारचा सांधा गळू लागतो. एक जण म्हणतो, सगळे फोडावे लागेल. दुसरा म्हणतो, टाइल न फोडता केमिकल मारून देतो. नाना फोडाफोडीला तयार नाहीत. दिरांचे म्हणणे असे, की घर आज ना उद्या पुनर्विकासाला जाणारच, मग आता खर्च कशाला? पुतण्याची यंदा दहावी आहे. सुरुवात कुठून करावी आणि खर्च कोणी किती उचलावा, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

सल्ला

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या साऱ्या तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत, असे घरात सर्वांनी धरलेले दिसते. मला मात्र त्यात तीन वेगळी दुखणी दिसतात: छताची ओल, आतून गंजलेली पाण्याची लाइन आणि मागचा सांडपाण्याचा पाइप. तिन्हींची कारणे निराळी आहेत, म्हणून उपायही निराळे आहेत. तुमच्याकडे येणारे दोन्ही कारागीर ओल कुठल्या पाण्याची आहे हे न तपासताच उपाय सांगत आहेत, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. ते पाणी कुठले हे नक्की होईपर्यंत घरात छिन्नी-हातोडा येऊ देऊ नका आणि केमिकलवाल्यालाही आगाऊ रक्कम देऊ नका, हे माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे आहे.

त्याही आधी एक काम आजच करा. छताच्या ओलीजवळ दिवा किंवा पंखा असेल, तर त्या पॉइंटचा वीजपुरवठा इलेक्ट्रिशियनकडून तोडून घ्या, केवळ बटण बंद ठेवणे पुरेसे नाही. मग लांब काठीच्या टोकाने ओल्या भागाचा गिलावा आणि त्याभोवतालचा कोरडा गिलावा हलकेच ठोकून पाहा. आवाज पोकळ येत असेल, तर त्या खाली ओटा असो वा जेवणाचे टेबल, तिथे कोणीही बसू नये आणि सैल झालेला गिलावा मुद्दाम उतरवून घ्यावा. गिलाव्यावर सरळ रेषेत तपकिरी डाग दिसत असतील किंवा सळई उघडी पडली असेल, तर प्रश्न प्लंबरच्या हातातला राहिलेला नाही. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागते आणि फुगताना काँक्रीटचे आवरण ढकलून पाडते, त्यामुळे अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब पाहणे आवश्यक ठरते. तसेही ३० वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी करून घेण्याची जबाबदारी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार मालकावर आहे. तुमच्या घराने ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे, तेव्हा हा खर्च टाळण्यासारखा नाही.

आता ओलीकडे येऊ. जुन्या घरात छतावर उतरणारे पाणी तीनच ठिकाणांहून येऊ शकते. पावसाचे पाणी ऋतूबरोबर येते आणि ऋतूबरोबर जाते. नळाच्या लाइनमधले पाणी सदैव दाबाखाली असते, त्यामुळे ते रात्रंदिवस गळते आणि ओल कधीच सुकत नाही. सांडपाणी मात्र वर कोणी अंघोळ केली, कपडे धुतले किंवा संडासात पाणी टाकले तेव्हाच गळते, म्हणून त्याची ओल सकाळी काळपट आणि दुपारनंतर फिकट दिसते. तुमची ओल पावसाळ्यात वाढते, याचा अर्थ बाहेरच्या भिंतीतूनही थोडे पाणी येत असावे, पण मार्गशीर्ष लागला तरी ती टिकून आहे त्या अर्थी मूळ कारण पाऊस नाही. सध्याचे कोरडे दिवस तपासणीसाठी उत्तम आहेत, कारण पावसाचे पाणी हिशेबातून आपोआप बाहेर पडलेले आहे.

पहिल्या रात्री नळाची लाइन तपासा. सर्वांची कामे आटोपल्यावर गच्चीवरच्या टाकीत येणारे पाणी बंद करा, पंप बंद ठेवा आणि टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा. रात्री कोणीही नळ उघडू नये, संडासात लागणारे पाणी बादल्यांत भरून ठेवावे. पहाटे कोणी तोंड धुण्याआधी पातळी पुन्हा पाहा. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर साधारण आठ ते दहा लिटर पाणी कुठेतरी गेलेले असते. पातळी उतरली असेल तर लगेच भिंतीला दोष देऊ नका. आधी फ्लशच्या टाक्या पाहा, कारण त्यांच्या आतला वॉशर झिजला की पाणी भांड्यात आवाज न करता झिरपत राहते. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास थांबा. फ्लश न ओढता भांड्यात रंग उतरला, तर गळती तिथे आहे. ती दुरुस्त करून दुसऱ्या रात्री वरच्या बाथरूमचा कॉक बंद ठेवून हीच चाचणी पुन्हा करा, म्हणजे गळती वरच्या शाखेत आहे की खालच्या, हे कळेल.

पातळी जागच्या जागी राहिली, तर नळाची लाइन निर्दोष आहे आणि सांडपाण्याकडे वळायचे. मला तुमच्या घरात याचीच शक्यता अधिक वाटते. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा आणि वरची बाथरूम दोन दिवस पूर्ण बंद ठेवा. दीर-जाऊबाईंना या दोन दिवसांत खाली अंघोळीला यावे लागेल, हे त्यांना आधी समजावून सांगा. दोन दिवसांत रेघेच्या आतला भाग फिकट पडू लागला, तर पाणी वरच्या जमिनीतून किंवा ट्रॅपमधून, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यातून, येते आहे. मग नहाणी ट्रॅपच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा बसवून जमिनीवर दोन बोटे पाणी एक दिवस उभे करून ठेवा. इंजिनिअरने स्लॅब अशक्त असल्याचे सांगितले असेल, तर मात्र ही चाचणी करू नका. खाली ओल वाढली, तर टाइलचे सांधे आणि त्यांच्या खालचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. जमिनीवर पाणी उभे असताना काही झाले नाही, पण बोळा काढून चार बादल्या ट्रॅपमध्ये सोडल्यावर खाली थेंब धरला, तर ट्रॅपचा किंवा त्यापुढच्या पाइपचा सांधा तुटलेला आहे.

टाइल न फोडता केमिकल मारण्याचा सल्ला खरा की खोटा, हे या एका चाचणीने ठरते. टाइलच्या सांध्यांतून पाणी मुरत असेल, तर जुने सांधे खरवडून त्यांत इपॉक्सी ग्राउट भरल्याने काही वर्षे खरोखर आराम पडतो आणि नानांच्या घराला हातोडाही लागत नाही. ट्रॅपचा सांधा तुटलेला असेल, तर वरून कितीही केमिकल ओतले तरी पाणी आपल्या वाटेने जातच राहणार. अशा वेळी बाथरूमची जमीन उघडून जुना भराव काढणे, ट्रॅप नवा बसवणे, स्लॅबमधून पाइप जातो त्या भोवतालची जागा नीट बंद करणे, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान फूटभर वर चढवणे, आणि टाइल लावण्यापूर्वी त्या थरावर ४८ तास पाणी उभे करून खालून छत पाहणे, एवढे सगळे करावे लागते. ठेकेदार घाईत गाळतो ती पायरी म्हणजे शेवटची. तिच्यावर अडून बसा.

आता तांबूस पाणी. तुमच्या घरात १९६७ सालचे जी. आय. पाइप असतील, तर त्यांचे आयुष्य संपले आहे, असे मी कोणतीही चाचणी न करता सांगू शकतो. या लोखंडी पाइपवर जस्ताचा पातळ मुलामा असतो. तो काही दशकांत झिजला की लोखंड आतून गंजते आणि गंजाच्या गाठी पाण्याचा मार्ग अडवू लागतात. रात्रभर पाणी पाइपमध्ये उभे राहते, त्यात लोखंड उतरते आणि सकाळची पहिली बादली तांबूस येते. यावर विश्वास बसावा म्हणून पुढच्या वेळी प्लंबरला टाकीजवळचा हातभर तुकडा कापून द्यायला सांगा आणि तो उजेडाकडे धरून त्यातून पाहा. बाहेरून एक इंची दिसणाऱ्या पाइपच्या आत तपकिरी, खडबडीत पुटे चढलेली असतात आणि मधून उजेडाचे भोक करंगळी जेमतेम जाईल एवढे उरलेले असते. बोटाने खरवडले तर पापुद्रे सुटून हातात येतात. तो तुकडा नानांनाही दाखवा. शॉवरला धार का नाही, हे त्यांना वेगळे समजवावे लागणार नाही.

एक सांधा बदलला की शेजारचा गळतो, यामागेही हेच कारण आहे. लोखंडी पाइपवर आटे पाडलेले असतात तिथे त्याची जाडी मुळातच सर्वांत कमी असते. प्लंबर एका टोकाला पाना लावून जोर देतो, तेव्हा भिंतीतल्या पुढच्या सांध्यालाही पीळ बसतो आणि गंजावर कसाबसा टिकलेला तो आटा सुटतो. कारागीर वाईट आहे असे नव्हे, त्या पाइपमध्ये आता दुरुस्ती झेपण्याची ताकद उरलेली नाही. म्हणून यापुढे एकेका सांध्यावर पैसे घालणे थांबवा. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंतची लाइन एका दमात बदलणे हाच अंती स्वस्त पडणारा मार्ग आहे.

पण त्यापूर्वी एक शंका फेडून घ्या. पाणी तांबूस असणे वेगळे आणि गढूळ किंवा वास येणारे असणे वेगळे. भुईटाकीत महापालिकेचे पाणी पडते, त्या तोंडाशी पांढरी बादली धरून पाणी सुरू झाल्याच्या पहिल्या पाच मिनिटांतले आणि नंतरचे पाणी पाहा. तिथे ते स्वच्छ असेल, तर दोष तुमच्या घरातल्या लाइनचा. तिथेच ते गढूळ असेल किंवा त्याला गटाराचा वास येत असेल, तर रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपासून तुमच्या आवारापर्यंत येणारा जोडणीचा पाइप कुठेतरी सडलेला असावा. ठाण्याच्या जुन्या भागांत हे पाइप कित्येक ठिकाणी गटाराला लागून गेले आहेत. पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने उरलेल्या वेळात पाइपमधला दाब नाहीसा होतो आणि भोवतालची घाण आत ओढली जाते. कावीळ आणि टायफॉइड घरात येण्याची ही नेहमीची वाट आहे, आणि तुमच्याकडे वयस्कर माणूस व परीक्षेला बसणारा मुलगा असताना या एका बाबतीत मुळीच वाट पाहू नका. नौपाडा-कोपरी प्रभाग समितीच्या कार्यालयात पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पाण्याचा नमुना तपासून मागा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट, म्हणजे नळापर्यंत शिल्लक राहिलेले, क्लोरीन असावे लागते. जोडणीचा पाइप बदलायचा झाल्यास ते काम महापालिकेच्या परवानगीने आणि परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावे लागते. तोवर पिण्याचे पाणी उकळूनच घ्या. धार वाढावी म्हणून महापालिकेच्या लाइनवर थेट पंप लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. तो बेकायदा आहे, आणि त्या ओढीने हीच घाण अधिक वेगाने आत येते.

नवी लाइन टाकताना जुने पाइप भिंतीतून उकरून काढण्याचा हट्ट नको. ते जागच्या जागी, दोन्ही टोके बुचाने बंद करून, मृत सोडून द्या आणि नवी लाइन मागच्या भिंतीवर उघडी न्या. मी हे केवळ खर्चासाठी सांगत नाही. त्या काळातल्या तुमच्या घराच्या विटांच्या भिंती बहुधा स्वतः स्लॅबचा भार पेलत असतील. अशा भिंतीत पाइपसाठी उभी झिरी घेतली तर ती जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नसावी आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा, असा बांधकामाचा संकेत आहे. म्हणजे नऊ इंची भिंतीत आडवी झिरी दीड इंचापलीकडे जाता कामा नये. कटर हातात आलेला माणूस हे मोजत बसत नाही. उघड्या लाइनवर गळती झाली तर ती त्याच दिवशी दिसते आणि अर्ध्या तासात निघते. नानांचा विरोध घर फोडण्याला आहे, घर सुधारण्याला नाही, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. त्यांच्यासमोर हा पर्याय ठेवून पाहा.

किंबहुना नानांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. घर त्यांनी उभे राहून बांधून घेतले आहे. कुठला पाइप कोणत्या भिंतीतून गेला, चेंबर कुठे होते, कोणते नंतर फरशीखाली झाकले गेले, मोरीचे पाणी पूर्वी कुठे सोडले होते, हे सांगू शकेल असा दुसरा कोणीही आता नाही. एका संध्याकाळी पुतण्याला वही-पट्टी घेऊन त्यांच्याजवळ बसवा आणि दोन्ही मजल्यांचा कच्चा नकाशा काढून घ्या: निळ्या रेघेने पाणी, तांबड्या रेघेने सांडपाणी, आणि प्रत्येक कॉकला क्रमांक. प्लंबरला दर सांगण्याआधी हा नकाशा द्या, म्हणजे तो अंदाजाने नव्हे तर फुटांच्या मापाने दर देऊ शकेल.

साहित्याबाबत थोडक्यात. पाण्यासाठी आय. एस. १५७७८ चा शिक्का असलेला सी.पी.व्ही.सी. पाइप घ्या आणि त्यातला जाड, म्हणजे एस.डी.आर. ११ चा घ्या. गरम आणि गार दोन्ही पाण्याला तो चालतो. नळ जिथे बसतो तिथे पितळी आट्याचीच जोडणी हवी आणि तिच्यावर टेफ्लॉन टेप हवी. जुन्या सवयीने कोणी सुतळी आणि सफेदा लावू लागला तर त्याला थांबवा. उघड्या पाइपला उन्हाचा त्रास होतो, म्हणून त्यावर पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक रंग द्या. ऑइल पेंट नको, कारण त्यातले द्रावक या प्लास्टिकला बाधते. जोडकाम झाल्यावर सोल्यूशन, म्हणजे सांधे चिकटवणारा द्रव, पूर्ण सुकू द्या आणि मग हातपंपाने दाबाची चाचणी, नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपटीने, तुमच्यासमोर करून घ्या.

पाइप नवा झाला तरी वरच्या शॉवरला भरपूर धार येईल, असे मात्र धरून चालू नका. दहा मीटर उंचीवरून उतरणारे पाणी दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब देते. वरच्या मजल्याच्या शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीच्या तळापर्यंत जेमतेम दोन मीटर उंची मिळत असेल, तर दाब ०.२ किलोच्या पुढे जाणार नाही. त्यातही प्लंबर टाकीपासूनच अर्धा इंची पाइप आणतो आणि उरलासुरला जोर घालवतो. टाकीतून निघणारी लाइन दीड इंची, बाथरूमपर्यंतची शाखा एक किंवा पाऊण इंची, आणि अर्धा इंची फक्त नळाजवळचा शेवटचा तुकडा, असे लेखी ठरवून घ्या. टाकी उंच करायची असेल, तर हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन हे लक्षात ठेवून तिचे स्टँड भिंतींच्या माथ्यावर येईल असेच ठेवावे, स्लॅबच्या मध्यावर नव्हे.

प्लंबर तुम्हाला बहुधा सांगणार नाही अशी एक धोक्याची गोष्ट आहे, म्हणून ती मी मुद्दाम सविस्तर लिहितो. जुन्या घरांत विजेचे अर्थिंग पुष्कळदा पाण्याच्या लोखंडी पाइपलाच बांधलेले असते, कारण तो पाइप जमिनीत जात असे. तो काढून प्लास्टिकचा पाइप घातला की अर्थिंगचा मार्ग तुटतो आणि घरात कोणाला ते कळतही नाही. गीझर, वॉशिंग मशीन, पंप पूर्वीसारखेच चालत राहतात. पुढे एखाद्या दिवशी गीझरची कॉइल फुटली तर वीज जमिनीत जाण्याऐवजी अंघोळ करणाऱ्याच्या अंगातून जाते. म्हणून पाण्याची लाइन बदलण्याच्या आधीच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आवारात स्वतंत्र अर्थिंग करून घ्या आणि मुख्य स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी., म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारे स्विच, बसवून घ्या. ज्यांना एका वेळी एकच खर्च झेपतो, त्यांनी पाइप वर्षभर थांबवावा, पण अर्थिंग झाल्यावाचून पाइप बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागचा बिडाचा पाइप वाचवण्याचा प्रयत्न करू नका. पिंपळाचे रोप दर वर्षी छाटून टाकल्याने फक्त पाने जातात. मूळ सांध्याच्या आत, ओलाव्याच्या दिशेने वाढतच राहते आणि शेवटी सांधा फाकवते. पावसाळ्यात तुमच्या भिंतीत पाणी शिरत असेल तर ते इथूनच शिरत असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्या जागी सांडपाण्यासाठीचा आय. एस. १३५९२ चा टाइप बी पाइप घ्या, संडासाला ११० मिलिमीटरचा आणि मोरीला ७५ मिलिमीटरचा. पाइपचे वरचे तोंड गच्चीच्या वर जाळीच्या टोपीसह उघडे ठेवा. ते बंद केल्यास ट्रॅपमधले पाणी ओढले जाते आणि घरात दुर्गंधी येते. जमिनीखालच्या आडव्या पाइपला दर ४० ते ६० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार आहे की नाही, हे माती लोटण्यापूर्वी स्वतः पट्टीने पाहा. पाइप काढताना पिंपळाचे मूळ भोवतालच्या गिलाव्यासह उकरून काढा आणि ती जागा सिमेंटने बुजवा. सांडपाणी अजून सेप्टिक टँकमध्ये जात असेल आणि या निमित्ताने तो साफ करायचा असेल, तर यंत्राची गाडीच बोलवा. कोणी स्वस्तात माणूस आत उतरवून देतो म्हणाला, तर त्याला फाटकाबाहेरूनच परत पाठवा. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने सुरक्षासाधनांवाचून असा माणूस उतरवणे गुन्हा आहे, आणि त्या टाकीतल्या वायूने माणूस काही क्षणांत दगावतो.

पुनर्विकासाचा दिरांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. नौपाड्यातली जुनी घरे एकेक करून जात आहेत हे खरे असले, तरी भावाभावांचे एकमत, विकासकाशी करार, आराखड्यांची मंजुरी आणि प्रत्यक्ष घर रिकामे करणे यांत वर्षे जातात, आणि ती सगळी वर्षे तुम्ही याच छताखाली राहणार आहात. म्हणून काम जरूर करा, पण कामाचे स्वरूप त्या शक्यतेला धरून ठरवा. उघडी पाइपलाइन, बाहेरचा नवा उभा पाइप, अर्थिंग आणि गळती थांबवण्यापुरते बाथरूमचे काम एवढ्यावर थांबा. महागड्या टाइल, भिंतीआडचे फ्लश आणि नक्षीदार नळ यांवरचा खर्च दिरांनी या घरात करू नये, हे त्यांचे म्हणणे अगदी योग्य आहे.

खर्चाच्या वाटणीबद्दल. सहकारी गृहनिर्माण संस्थांत समाईक लाइनचा खर्च संस्थेकडे आणि घरातल्या दुरुस्तीचा खर्च त्या सभासदाकडे, असा साधा नियम असतो. तुमच्या घराला उपविधी नाहीत, पण तत्त्व तेच वापरता येईल. टाक्या, पंप, उभी लाइन, मागचा सांडपाण्याचा पाइप, चेंबर, अर्थिंग आणि इंजिनिअरचे शुल्क हे सगळे निम्मे-निम्मे घ्यावे. आपापल्या मजल्यावरच्या नळांचा, गीझरचा आणि फिटिंगचा खर्च ज्याचा त्याने करावा. अडचण येईल ती वरच्या बाथरूमच्या जमिनीपाशी आणि तुमच्या छताच्या दुरुस्तीपाशी. वरून गळते म्हणून वरच्यांनी भरावे, असा आग्रह धरू नका. तो ट्रॅप दिरांनी बसवलेला नाही, तो घराच्या वयाचा आहे आणि वापराने झिजला आहे. जमिनीचे तोडकाम, ट्रॅप, वॉटरप्रूफिंग आणि छताचा गिलावा समाईक धरा, फक्त वरच्या टाइल त्यांच्या पसंतीच्या असल्यास त्यांचा खर्च त्यांनी करावा. हे सगळे एका कागदावर लिहून दोन्ही घरांनी सह्या करा आणि एक प्रत नानांकडे ठेवा. सख्ख्या नात्यात लिहून घेणे परकेपणाचे वाटते, हे मी जाणतो. तरीही काम सुरू झाल्यावर रकमेवरून वाद होण्यापेक्षा ते बरे.

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, त्यामुळे वेळ मोजकाच आहे. तपासण्या आणि नकाशा याच आठवड्यात उरका. अर्थिंग आणि त्यामागोमाग बाहेरच्या दोन्ही लाइनी डिसेंबरमध्ये होऊ शकतील, कारण त्या कामाचा आवाज बहुतांशी घराबाहेर राहतो. बाथरूमची जमीन फोडावी लागणार असेल, तर पाणी उभे करून पाहण्याच्या दिवसांसह ती किमान पंधरा दिवस बंद राहील. जानेवारीच्या मध्यापर्यंत ते काम संपत नसल्यास परीक्षेनंतर, एप्रिलमध्ये घ्या. तोवर वरच्यांनी ती बाथरूम शक्यतो वापरू नये आणि अंघोळी खालीच कराव्यात. छताला मात्र लगेच गिलावा आणि रंग देऊ नका. गळती बंद झाल्यावरही स्लॅब पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात, आणि ओल पेन्सिलच्या जुन्या रेघेपुढे सरकली नाही, तरच गवंडी बोलवा. ठेकेदाराच्या पैशांतला शेवटचा दशांश तोपर्यंत हातचा राखा आणि ही अट त्याला काम देतानाच लेखी कळवा.